ते रेकॉर्डिंग पुसायला नको होतं, सर

मागच्या रविवारी सरांचा फोन आला. अकरावी-बारावीला मला मराठी शिकवणारे सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कॉलेजची व्याख्यानमाला अजून तेच बघतात. आवाज पडलेला होता. समितीने ठरवलंय म्हणाले: यंदापासून व्याख्यानांचं रेकॉर्डिंग नाही, सभागृहात मोबाइल बंद, आणि धर्म, युद्ध, परप्रांतीय असल्या विषयांना हात लावायचा नाही. आरोग्य, गुंतवणूक, स्पर्धा परीक्षा. बस्स.

कारण मला ठाऊक होतं. गेल्या वर्षी तिथे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांवर व्याख्यान झालं होतं. मुसलमान घरात जन्मलेला हा सतराव्या शतकातला संतकवी वारकऱ्यांनी आपला कसा मानला, त्याचे अभंग कसे गायले जातात, असा विषय. दीड तासात वक्त्यांनी एका ठिकाणी ‘काही जण असं म्हणतात’ म्हणून एक आक्षेप सांगितला आणि पुढची दहा मिनिटं तो खोडून काढला. व्हॉट्सअॅपवर फिरली ती फक्त आक्षेपाची चाळीस सेकंदं. ‘काही जण असं म्हणतात’ हे शब्दसुद्धा कापलेले. प्राचार्यांच्या केबिनमध्ये माणसं येऊन बसली, वक्त्यांकडून माफीचं पत्र लिहून घेतलं गेलं. पूर्ण रेकॉर्डिंग तेव्हा कॉलेजच्या संगणकावर होतं. ते कुणी बाहेर काढलं नाही. आठवड्याभरात ते पुसून टाकलं.

सर, मला सगळ्यात जास्त लागलं ते हे पुसणं. चाळीस सेकंदांना उत्तर देऊ शकेल अशी एकच गोष्ट त्या गावात होती, आणि ती आपणच नाहीशी केली.

मी गेली चौदा वर्षं बर्लिनमध्ये राहते. प्राचार्यांच्या दारात उभं राहायची वेळ माझ्यावर आली नव्हती, आणि ‘लांबून सांगायला काय जातं’ हे ऐकून घ्यायला मी तयार आहे. पण इथे जे रोज पाहते ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथल्या विद्यापीठांत संध्याकाळची खुली व्याख्यानं असतात, कुणीही जाऊन बसावं. व्याख्यान संपलं की लोक टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करतात. सुरुवातीला मला ते दारावर कुणी आल्यासारखं वाटायचं. मी ज्यांना जाते त्यातल्या बऱ्याच व्याख्यानांचं रेकॉर्डिंग होतं आणि नंतर सगळंच्या सगळं ऐकायला मिळतं. प्रश्नोत्तरांच्या आधी संयोजक सांगतात, ज्यांना आपला आवाज मुद्रित व्हायला नको असेल त्यांनी तसं सांगावं, तेवढा वेळ यंत्र बंद राहील. चार लोकांत खासगीत बोललेलं परवानगीवाचून मुद्रित करणं हा या देशात फौजदारी गुन्हा आहे. आवाज बोलणाऱ्याचा असतो, हे कायद्यात लिहिलेलं आहे.

याचा अर्थ इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल. फेब्रुवारी २०२५ मध्ये पॅलेस्टिनी प्रदेशांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक फ्रान्चेस्का अल्बानीज यांचं व्याख्यान म्यूनिकच्या विद्यापीठाने होऊ दिलं नाही, आणि बर्लिनच्या फ्राये विद्यापीठाने राजकीय दबावानंतर ते ठरल्याप्रमाणे श्रोत्यांसमोर होऊ दिलं नाही. त्याआधी चारच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पश्चिम आशियावरची राजदूतांची व्याख्यानं रद्द झाली होती. युद्धाचं नाव निघालं की विद्यापीठाचे पाय लटपटतात, तिकडेही आणि इकडेही. त्यामुळे ‘परदेशात बघा कसं मोकळं असतं’ हे वाक्य मी वापरत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे, आणि त्यासाठी मला शंभर वर्षं मागे जावं लागेल.

बर्लिनच्या दक्षिणेला व्युन्सडोर्फ नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात तिथे युद्धकैद्यांची ‘अर्धचंद्र छावणी’ होती. ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्यातले मुसलमान कैदी इथे आणून त्यांना त्यांच्याच साहेबांविरुद्ध उभं करायचं, हा जर्मनीचा बेत. त्यासाठी १९१५ मध्ये लाकडी मशीद बांधली गेली, जर्मनीतली नमाजासाठी बांधलेली पहिली. हिंदुस्थानातले शीख, हिंदू, गुरखेही तिथे होते. आणि कैदी आयतेच हाताशी आहेत म्हटल्यावर प्राध्यापक आले. विल्हेल्म ड्योगन यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये एक ध्वनिमुद्रण आयोग नेमला गेला, आणि १९१८ पर्यंत निरनिराळ्या छावण्यांतून सुमारे १६५० लाखेच्या तबकड्या तयार झाल्या. गाणी, गोष्टी, प्रार्थना, नुसती शब्दांची उच्चारणं. त्या आता हुम्बोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात आहेत.

प्रत्येक आवाजासोबत एक फॉर्म भरला जायचा. नाव, जन्मगाव, आईवडील कुठले, धर्म कोणता, धंदा काय, लिहिता-वाचता येतं का, गाता येतं का, गावाकडचं एखादं वाद्य वाजवता येतं का. धर्म, संगीत, युद्ध आणि परमुलुख एका पानावर. मी पहिल्यांदा असा फॉर्म पाहिला तेव्हा बराच वेळ पान उलटवलं नाही. नीट अक्षरात सगळं विचारलेलं, फक्त ‘तुला बोलायचंय का’ एवढं नाही.

त्यातलीच एक तबकडी ११ डिसेंबर १९१६ ची. फिरोजपूर जिल्ह्यातला मल्ल सिंग नावाचा शीख सैनिक बोलतोय. जेमतेम मिनिटभराचं पंजाबी. तो ‘मी’ म्हणतच नाही. एक माणूस होता, म्हणतो, हिंदुस्थानात लोणी खायचा, दूध प्यायचा. तो माणूस युरोपच्या लढाईत आला. जर्मनीने त्याला पकडलं. त्या माणसाला परत जायचंय. देवाने दया केली तर तो जाईल. मला पंजाबी फारशी येत नाही, पण हेडफोन लावून ऐकताना मधेच घेतलेला श्वास ऐकू येतो, आणि त्या श्वासाला भाषांतर लागत नाही. उच्चार तपासण्यासाठी प्राध्यापकांनी यंत्र लावलं आणि त्याने त्यात आपली परत जाण्याची विनवणी ठेवली. ती ऐकायला घरच्यांपैकी कुणी समोर नव्हतं.

आपल्या मराठा पलटणी प्रामुख्याने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या, कुतच्या वेढ्यात अडकल्या. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले. त्यांचा आकडा राहिला. त्यांच्यातला एकही आवाज माझ्या कानांवर आलेला नाही. म्हणून मल्ल सिंगचा तो मिनिट मला आमच्याच कुणाचा तरी वाटतो.

व्युन्सडोर्फला मी जाऊन आले आहे. मशिदीचं जमिनीवर काही उरलेलं नाही, रस्त्याला मात्र अजून मशिदीचंच नाव आहे. २०१५ मध्ये त्याच आवारात निर्वासितांसाठी घरं उभारायची ठरली, तेव्हा आधी तिथे उत्खनन झालं. म्हणजे शंभर वर्षांनी पुन्हा त्याच मातीवर परमुलखातली माणसं येऊन राहिली. मी हिंदी-जर्मन दुभाषी आहे, आश्रय मागणाऱ्यांच्या मुलाखतींना बसते, त्यामुळे हे माझ्यासाठी पुस्तकातलं नाही. त्या मुलाखतीत माणूस आपल्या भाषेत बोलतो, ते जर्मनमध्ये लिहिलं जातं, आणि शेवटी सगळं त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवल्यावर तो सही करतो. ‘मी असं नाही म्हणालो’ म्हणायचा हक्क त्याला असतो. हा हक्क वापरताना मी लोकांना पाहिलंय, आणि एका शब्दाने अर्थ कुठच्या कुठे जातो तेही. पण २०१७ पासून इथे आणखी एक पद्धत आहे. ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत त्यांनी एका चित्राचं वर्णन दोन मिनिटं फोनवर करायचं, आणि संगणक त्यांची बोली कोणती असावी याची टक्केवारी काढतो, देशाचा अंदाज त्यावरून. मला यात ड्योगन यांचं यंत्र दिसतं. आवाज घेतला, माणसाचं ऐकलंच नाही.

तेव्हा सर, आपली समिती जेव्हा म्हणते की रेकॉर्डिंगच नको, तेव्हा ती भीती मला अगदी खोटी वाटत नाही. आवाज हत्यार होऊ शकतो. पण अर्धा आवाज, मालकाला न विचारता घेतलेला आवाज, आणि पूर्ण आवाज यांत फरक आहे, आणि आपण तिन्ही एकाच दोरीने बांधतोय. व्हॉट्सअॅपवर फिरली ती क्लिप तिसऱ्या रांगेतल्या कुणाच्या तरी मोबाइलमधली होती, कॉलेजच्या रेकॉर्डिंगमधली नव्हती. सभागृहात मोबाइल बंद करायला सांगाल, पण खिशातला एक चालू राहणारच. उद्या तोच एकमेव पुरावा असेल.

नीट करायचं कसं, हे शिकायला बर्लिनला यायची गरजही नाही. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, हजाराहून अधिक गावांतून एक लाखाच्या वर. पुढे त्यांतल्या कितीतरी बायकांच्या आवाजात मुद्रित झाल्या आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळाच्या संग्रहात सगळ्यांना ऐकायला मिळतात. तिथेही प्रत्येक गाण्याखाली माहिती आहे: गाणारणीचं नाव, गाव, तालुका, वय, मुलंबाळं, काम. ड्योगनच्या फॉर्ममध्ये होतं तसंच बरंचसं. पण इथे ती बाई आपल्या उंबऱ्याच्या आत बसून, जात्याचा खुंटा धरून, आपल्या मनाने गातेय. त्या ओव्यांत धर्म आहे, सासरी निघालेल्या लेकीचं परकेपण आहे, पंढरीची वाट आहे, बाबासाहेब आहेत. मी त्या इथे भांडी घासताना लावते. माझ्या मुलीला मराठी अर्धवट समजतं, पण ‘सासुरवास’ हा शब्द ती त्यातूनच शिकली आणि त्याचा अर्थ तिने मला जर्मनमध्ये विचारला. मला सांगता आला नाही.

आणि धर्मावरच्या व्याख्यानाने गावात राडा होणं हे काय आजचं आहे? १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या निमंत्रणावरून स्वामी दयानंद पुण्यात आले. शेवटी त्यांची मिरवणूक निघाली तेव्हा विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढली, चिखलफेक झाली. महात्मा फुले त्या दिवशी दयानंदांच्या बाजूने रस्त्यावर होते. एवढं होऊनही त्यांतली पंधरा व्याख्यानं आज आपण वाचू शकतो, कारण पुण्यात कुणीतरी ती बसून उतरवून घेतली आणि मराठीत छापली. दयानंदांशी ज्याला भांडायचंय तो आजही त्यांच्या पूर्ण वाक्याशी भांडू शकतो. चिखल फेकणाऱ्यांच्या गावात हे घडलं. आपल्या गावात शेख महंमदांवरचं दीड तासाचं व्याख्यान वर्षभरही टिकलं नाही.

विषय टाळण्याबद्दल तर मला रागच आहे, तो लपवत नाही. ज्या तालुक्यातली निम्मी पोरं पुण्या-मुंबईला जाऊन राहतात, ज्या गावांत ऊसतोडीला बाहेरून टोळ्या येतात, तिथल्या कॉलेजात स्थलांतरावर बोलायचं नाही, तर कुठे? मी स्वतः इथे परप्रांतीय आहे. ‘हे आले आणि आमची घरं महाग झाली’ हे मी ट्राममध्ये ऐकलंय, आणि सुट्टीत गावी आले की तेच वाक्य दुसऱ्या कुणाबद्दल आमच्या ओट्यावर ऐकते. दोन्हीकडे ते वाक्य बोलणाऱ्याचं काहीतरी खरं दुखणं असतं. ते दुखणं नीट मांडायला दीड तास लागतो. चाळीस सेकंदांत फक्त शिवी मावते.

फोनवर मी सरांना तीन गोष्टी सुचवल्या. वक्त्यांची लेखी संमती घ्या, श्रोत्यांना आधी सांगा, आणि रेकॉर्डिंग कापाकापी न करता कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवा, दोन प्रती करून. सर म्हणाले, संगणकावरचं ऐकायला कोण बसणार, वादाच्या वेळी कागद लागतो. बरोबर आहे त्यांचं. म्हणून मी कबूल केलंय की व्याख्यान झालं की मला पाठवा, मी शब्दन् शब्द उतरवून पंधरा दिवसांत परत देते, प्रश्नोत्तरांसकट. भाषांतराच्या धंद्यात एवढा सराव मला आहे. समितीची बैठक पुढच्या शनिवारी आहे. शेख महंमदांवरच्या वक्त्यांना पुन्हा बोलवायचं का, तेही त्याच दिवशी ठरेल. त्यांच्याकडे त्या संध्याकाळच्या हस्तलिखित टिपणांची वही अजून आहे, असं सर फोन ठेवताना म्हणाले. मी त्यांना म्हटलं, त्या पानांचे फोटो आजच काढून घ्या.