रुसलेली मूठ

जून लागला की लाकडी मुठीचे चाकू जमवणारा माणूस लगेच ओळखू येतो. समोर आंबा, हातात मिटलेला चाकू, आणि पातं ओढून ओढून अंगठ्याचं नख अर्धं झालेलं. शेवटी घरातलं कुणीतरी तोच आंबा विळीवर चिरून देतं. वर दोन शब्द सुनावतं, ते वेगळंच.

पावसाळी हवेत मूठ फुगून पातं उघडेना, असा रुसणारा चाकू बहुधा ओपिनेल असतो. फ्रान्सच्या सावोआ भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली हा चाकू घडवला आणि १८९७ पासून त्याची एक ते बारा नंबरांत मापं ठरली. पुढे १९३०च्या दशकात नंबर एक फारच चिमुकला म्हणून आणि नंबर अकरा दहा-बाराच्या मधे उगीच लुडबुडतो म्हणून बंद झाले. त्यामुळे जुना अकरा नंबर दिसला की आम्हा मंडळींचा हात आधी खिशाकडे जातो, अक्कल मागाहून येते. सुरुवात करणाऱ्याने मुकाट्याने आठ नंबर घ्यावा. साडेआठ सेंटीमीटर पातं खिशातही मावतं आणि कलिंगड सोडून सगळं कापतं.

वय ओळखायचं ते कडीवरून. मुठीच्या तोंडाशी पातं अडकवणारी फिरती कडी १९५५ मध्ये आली. त्याआधीच्या चाकूला ती नसते. पण नंबर दोन ते पाच या धाकट्यांना ती आजही नसते, म्हणून कडी नाही एवढ्यावर ‘पुरातन’ म्हणून नाचू नये. सुरुवातीला ही कडी पातं फक्त उघडं असताना अडकवायची. मिटलेलं पातंही अडकवू लागली ती २००० पासून. तेव्हा विकणारा ‘आजोबांच्या तरुणपणीचा’ म्हणून शपथ घेत असेल, तर चाकू मिटून कडी फिरवून बघावी. ती नीट बसली, तर आजोबा बरेच उशिरा तरुण झाले असावेत.

पात्यावर मुकुट घातलेला, तीन बोटं उभारलेला हात असतो. तो सावोआतल्या सँ-जाँ-द-मोरिएन गावाच्या चिन्हावरून घेतलाय. घरचे मात्र पक्ष कुठला ते विचारतात. पातं मुठीत किती आत बुडतं तेही पाहावं. धार लावून लावून झिजलेलं पातं म्हाताऱ्याच्या गालांसारखं आत जातं, आणि ते कुठल्याही पॉलिशने बाहेर येत नाही.

मूठ साधारणपणे बीच नावाच्या युरोपी झाडाच्या लाकडाची. फिकट गुलाबी-तपकिरी अंग आणि त्यावर तिळाएवढ्या गडद रेघोट्या, ही खूण. अक्रोड काळसर, त्याची छिद्रं नजरेला दिसतात. ऑलिव्हवर वेड्यावाकड्या काळ्या लाटा असतात. कुणी ‘अक्रोडाची’ म्हणून गळ्यात मारत असेल, तर स्पिरिटचा बोळा मुठीच्या कोपऱ्यावर फिरवावा. बोळा तपकिरी झाला की समजावं, अक्रोड रंगाच्या डब्यातून आलाय.

आता रुसव्याचं कारण. लाकूड पाणी पिऊन लांबीला जवळजवळ वाढत नाही, आडवं मात्र फुगतं, आणि त्यात बीच भलताच तहानलेला. कोकणातल्या पावसाळी हवेत मुठीतली पात्याची खाच दोन्ही बाजूंनी आवळत जाते आणि पातं चिमट्यात सापडतं. अशा वेळी पक्कड घेऊ नये. पात्यावर ओरखडे पडतात आणि हात घसरला की स्वतःवरही. सावोआतल्या लोकांची युक्ती करावी: कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक टेबलावर ठक्‌कन आपटायचं, पातं थोडं वर उसळतं, मग ते चिमटीत धरायचं. टेबल काचेचं नसावं.

एवढ्यानेही ऐकलं नाही तर मूठ सुकवायची. गॅसवर किंवा उन्हात नाही, तडा जातो. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या, घट्ट झाकणाचा डबा आणि चार-पाच दिवस धीर. मग आइस्क्रीमच्या काडीला १२० नंबरचा पॉलिशपेपर गुंडाळून खाचेच्या आतल्या भिंती अगदी हलक्या घासायच्या. चार-सहा हात, की पातं घालून बघायचं. जास्त घासलं तर हिवाळ्यात हेच पातं लुळं पडतं. शेवटी सांध्यात जवसाच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडून रात्रभर मुरू द्यायचे. तेलाचं फडकं चुरगाळून टाकू नये, ते आपोआप पेट घेऊ शकतं, पसरून वाळवावं.

पातं कार्बन पोलादाचं असेल तर लिंबू चिरून लगेच पुसावं, नाहीतर काळं पडतं आणि लिंबालाही लोखंडाची चव लागते. गंजाची भीती असेल त्याने ‘इनॉक्स’ (म्हणजे स्टेनलेस) कोरलेलं पातं घ्यावं.

आणि सुकवायला घेतलेला डबा चिवड्याचा असू नये. झाकण त्याचंच सगळ्यात घट्ट असतं, हे खरं. पण संध्याकाळी पाहुणे आले की उघडला जातो तोही तोच.