फॉरमॅट मारून तुटकी तार जोडली जात नाही

"ड्रायव्हर अपडेट करून बघा मॅडम." हे वाक्य पुन्हा कोणी मला ऐकवलं तर मी फोन ठेवून देणार आहे. डोकं फिरलंय माझं त्याने. लॅपटॉपचं वायफाय तुटतंय म्हटलं की ड्रायव्हर, म्हणजे वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, अपडेट करा. केला, तरी तुटतंय, तर म्हणे जुना ड्रायव्हर परत टाका. तोही टाकला, तरी तुटतंय, तर फॉरमॅट, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाका. याच्या पुढे लॅपटॉप कंपनीची गाडी सरकतच नाही. लॅपटॉपच्या आत तारा असतात, त्या तुटू शकतात, हे तिथे कोणाच्या डोक्यातच येत नाही?

मी डोंबिवलीत घरून जीएसटीची कामं करते. दर महिन्याची २० तारीख ही ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी, वर कर थकला असेल तर १८ टक्क्यांनी व्याज. चलन तयार करून बँकेच्या पानावर जावं, आणि नेमकी तेव्हाच खालच्या कोपऱ्यातली वायफायची खूण जाऊन तिथे पृथ्वीचा गोल यावा. पैसे कापले गेले का? माहीत नाही. परत भरायचे का? माहीत नाही. क्लायंट तिकडे फोन धरून बसलेला. व्याज त्याला लागणार आणि बोलणी मी खाणार. आणि कंपनीवाला मला शांतपणे विचारतो, "मॅडम, राउटर बंद करून चालू केला का?"

केला हो! आणि राउटर बिघडलेला नाही हेही दाखवलं. त्याच टेबलावर, त्याच वायफायवर माझा मोबाईल ठणठणीत चालतो. इंटरनेटवाले म्हणतात लॅपटॉप बघा, लॅपटॉपवाले म्हणतात इंटरनेट बघा, आणि या टोलवाटोलवीत माझा जीव मेटाकुटीला आला. दोष कोणाचा हे ठरवायला खरं तर दोन मिनिटं लागतात. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची विंडोजची खिडकी, उघडायचा आणि राउटरच्याच पत्त्याला, बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ असतो, पिंग, म्हणजे 'आहेस का' अशी हाक, चालू ठेवायचं. राउटरकडूनच उत्तर येईना झालं तर बाहेरच्या इंटरनेटचा काही संबंध नाही, भानगड लॅपटॉप आणि राउटर यांच्यातच आहे. माझ्याकडे तेच होत होतं. मी हे कस्टमर केअरला सांगितलं, तर समोरचा म्हणाला, "असं काही आमच्या लिस्टमध्ये नाही."

तोपर्यंत बाकीचं सगळं मी निस्तरलं होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक घरात राउटर, आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यामुळे गर्दीने वेग पडतो हे मला मान्य आहे. म्हणून लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नेला. तो सिग्नल भिंतीतून कमी जातो, म्हणून राउटर पॅसेजमध्ये उंचावर बसवून घेतला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वीज वाचवायला वायफाय कार्ड बंद करायची जी परवानगी विंडोजला दिलेली असते, ती टिक काढली. हे उपाय खोटे नाहीत, पुष्कळांचा त्रास तेवढ्याने जातो. पण व्हिडिओ टाकणारे जे छातीठोकपणे सांगतात ना, डीएनएस बदला आणि वायफाय तुटायचं थांबेल, त्यांचा मला भयंकर राग येतो. डीएनएस फक्त वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधतं. राउटरशी जोडणीच तुटत असेल तर ते काय करणार? आणि ते 'नेटवर्क रीसेट'! साठवलेली सगळी वायफाय, त्यांचे पासवर्ड, सगळं पुसून टाकतं. हे आधी सांगायचं कोणी?

खरा प्रकार मला एका दुपारी कळला. खिडकीतून ऊन येत होतं म्हणून मी स्क्रीन थोडी मागे झुकवली आणि वायफाय गेलं. पुढे ओढली, आलं. परत मागे, परत गेलं. विंडोजमध्ये 'netsh wlan show interfaces' अशी कमांड आहे, ती सिग्नल टक्क्यांत दाखवते. स्क्रीन सरळ असताना आकडा ८० च्या वर. मागे झुकवली की धाडकन ३५-४०, आणि थोड्या वेळाने कनेक्शन गायब. लॅपटॉप टेबलावरून इंचभरही हललेला नाही, हललं ते फक्त झाकण. मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला, आकड्यांसकट. बऱ्याच लॅपटॉपमध्ये वायफायचे अँटेना स्क्रीनच्या कडेला बसवलेले असतात आणि त्यांच्या तारा बिजागरीतून खाली येतात. झाकण हलवल्यावर सिग्नल पडत असेल तर आधी ती बिजागरी बघायची.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या माणसाने तो व्हिडिओ बघितला नाही. मी मोबाईल पुढे केला, तर तो म्हणाला, "आमचे इंजिनिअर चेक करतील." मशीन ठेवून घेतलं. तोवर मी काम कसं करायचं हे कोणी विचारलं नाही. परत दिलं तेव्हा कागदावर लिहिलं होतं, दोष आढळला नाही. आणि मशीन फॉरमॅट केलेलं. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप मी वेगळा ठेवते म्हणून वाचले. ज्यांना हे माहीत नसतं त्यांचं काय होत असेल? तपासलं कसं, असं विचारलं, तर त्यांच्या राउटरच्या शेजारी ठेवून इंटरनेट चालतं का ते बघितलं म्हणे. अहो, राउटरला चिकटून ठेवल्यावर अर्ध्या सिग्नलवरही चालेलच की! खालचे स्क्रू काढून झाकण उघडायला किती वेळ लागला असता? ते केलं नाही. फॉरमॅट मारायला मात्र वेळ होता.

वर सल्ला काय, तर "यूएसबी डोंगल लावून घ्या." म्हणजे बाहेरून लावायचं छोटं वायफाय यंत्र. दोन तर यूएसबी पोर्ट. एकात माउस, दुसऱ्यात डिजिटल सहीचा टोकन, कारण कंपन्यांची रिटर्न त्याशिवाय जात नाहीत. डोंगल कुठे लावू? बरं, केबल जोडावी तर लॅनचं भोकच नाही, मशीन पातळ करायचं म्हणून काढून टाकलेलं. केबलची वाट तुम्हीच बंद केलीत, तर वायफायची तरी नीट ठेवा. आणि माझ्या नव्या मशीनचं वायफाय चालावं म्हणून मी पदरचे पैसे का घालू?

शेवटी स्टेशनजवळच्या गाळ्यात बसणाऱ्या एका मुलाकडे गेले. त्याने व्हिडिओ पूर्ण बघितला. मग खालचं झाकण उघडून मला बोलावलं, "ताई, हे बघा." अंगठ्याच्या नखाहून जरा मोठं कार्ड, त्यावर दोन चिमुकले पितळी गोल कनेक्टर, एकाला काळी तार, दुसऱ्याला पांढरी. पांढऱ्या तारेवर चिमट्याचं टोक ठेवत तो बिजागरीपर्यंत गेला. तिथे तार बिजागरीच्या पत्र्याखाली दबली होती. वरचं आवरण फाटून आतली बारीक जाळी बाहेर आलेली. जिथून जायला हवी त्या खोबणीत ती बसवलेलीच नव्हती. म्हणजे कारखान्यातून निघालं तेव्हाच हे असं होतं, आणि मी स्क्रीन जितक्या वेळा उघडली तितकी ती तार कुरतडली गेली. त्याने अँटेनाची नवी तार घातली, खोबणीतून नीट नेली. त्यानंतर स्क्रीन कशीही झुकवली तरी आकडा जागचा हलत नाही.

त्याच्यावर माझा काही राग नाही, उलट त्याचे पैसे मी आनंदाने दिले. पण ते पैसे मी का द्यायचे? पहिली तक्रार केली तेव्हा वॉरंटी चालू होती. ड्रायव्हर, रीसेट, फॉरमॅट असं करत यांनी दिवस काढले, आणि मी दुसऱ्यांदा गेले तर म्हणे, "मॅडम, वॉरंटी संपली, आता चार्जेस लागतील." तक्रार तुमच्या वॉरंटीत आली, दोष तुमचा, चालढकल तुमची, आणि बिल माझ्या नावावर!

मी सोडणार नाही हे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. सोबत आधीच्या तक्रारींचे नंबर, 'दोष आढळला नाही' लिहिलेला तो कागद, झाकणाचा व्हिडिओ आणि फाटलेल्या तारेचा फोटो. तुमच्यापैकी कोणाला असंच फिरवत असतील तर प्रत्येक वेळी जॉबशीट, म्हणजे मशीन दुरुस्तीला दिल्याचा कागद, मागून घ्या, तीवर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहायला लावा, फोनवरच्या बोलण्यावर राहू नका. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात दावा टाकता येतो, आणि ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला त्याचं शुल्क नाही. हेल्पलाइनकडून काही झालं नाही तर मी ठाण्याच्या ग्राहक आयोगात जाणार. तारेचे पैसे, बुडालेल्या कामाची भरपाई आणि मशीन न उघडताच 'दोष आढळला नाही' असं कोणी लिहिलं याचं लेखी उत्तर, तिन्ही मागणार.