पडक्या बेसमधली बारा रिकामी खोकी

रस्ट या ऑनलाइन गेममध्ये टूल कपबोर्डातला (म्हणजे घराच्या डागडुजीचा माल ठेवायच्या कपाटातला) माल संपला की बेस, म्हणजे खेळाडूने बांधलेलं घर, सडायला लागतो. लाकडी भिंत 3 तासांत, दगडी 5 तासांत, पत्र्याची 8 तासांत. म्हणजे मालकाने सोडून दिलेला दगडी बेस दिसला की मी काय करायचं? झुडपात गिधाडासारखं बसून राहायचं! बसलो. पाच तास. हातात धनुष्यबाण, पोटात कावळे. शेवटी भिंत कोसळली, आत उडी मारली. बारा खोकी! पहिल्यात दगड. दुसऱ्यात दगड. तिसऱ्यात एक मशाल आणि माणसाची कवटी. कवटी कशाला जपून ठेवली होतीस रे बाबा? सातव्यात तर चक्क काहीच नाही, पण कोड लॉक मात्र लावलेलं! कशाची राखण चालली होती, हवेची?

आणि सगळं धुऊनपुसून नेणाऱ्या या महाभाग मालकाने शॉटगन ट्रॅप (जवळ गेलं की आपोआप गोळी झाडणारा सापळा) मात्र काडतुसांनी गच्च भरून ठेवलेला. जाताना सल्फर आठवतं, स्क्रॅप आठवतं, ट्रॅप तेवढा विसरतो? दोन पावलं टाकली, धडाम! मी आडवा. (बॅगेत माझीच चांगली कुऱ्हाड होती, तीही गेली.)

गेममध्ये पुन्हा जिवंत होऊन धावत परत आलो, तर कुणीतरी उपटसुंभ माझ्याच प्रेतावर वाकून खिसे चाचपतोय. पाच तास मी बसलो होतो ना? तू कुठून उगवलास?