अपंगांना ‘फुकट वेश्या’ मिळतात म्हणे, ती पोस्ट एकदा नीट वाचा

आठवडाभर सगळ्या ग्रुपवर एकच पोस्ट फिरतेय. ऑस्ट्रेलिया-इंग्लंडात अपंगांना टॅक्सच्या पैशातून फुकट वेश्या मिळतात, केअररच, म्हणजे त्यांची देखभाल करणारे मदतनीसच, सगळं जमवून देतात, आणि आपल्याकडे मात्र ‘ही देवाची लेकरं, यांच्या मनात असलं काही नसतंच’. माझी धाकटी बहीण व्हीलचेअरवर असते, ३१ वर्षांची आहे, तिनेही वाचली, म्हणून लिहितोय.

‘फुकट मिळतात’ हे आधी घ्या. ऑस्ट्रेलियातली एनडीआयएस ही अपंगांसाठीची सरकारी योजना प्रत्येकाची गरज तपासून मग खर्च मंजूर करते. चाळिशीतल्या एका बाईंना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार आहे, त्यांनी खास ट्रेनिंग घेतलेल्या सेक्स थेरपिस्टचा खर्च मागितला तर योजनेनं नाही म्हटलं, केस पार फेडरल कोर्टात गेली आणि मे २०२० मध्ये त्या जिंकल्या. एवढं भांडून मिळालेलं फुकट कसं? आणि आता तेही बंद आहे, ३ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या कायद्यानं या योजनेच्या पैशातून सेक्स सर्व्हिस घेताच येत नाही.

‘केअरर जमवून देतात’ तर उलटंच आहे. इंग्लंडात २७ वर्षांच्या एका माणसानं केअररना विचारलं, सेक्स वर्करशी संपर्क करायला मदत कराल का. संबंध ठेवायचे की नाही हे ठरवायची समज त्याला आहे हे कोर्टानं मान्य केलं होतं, व्यवस्था करणं तेवढं त्याला एकट्याला जमणारं नव्हतं. पहिल्या कोर्टानं परवानगी दिली, ऑक्टोबर २०२१ मध्ये अपील कोर्टानं ती काढून घेतली, कारण मदत करणाऱ्या केअररवरच गुन्हा लागू शकतो.

एक मुद्दा मला पटतो, कुणाच्या एकटेपणामुळे दुसऱ्या बाईच्या शरीरावर हक्क तयार होत नाही. पण म्हणून इच्छाच नसते असं कसं?

आणि देवाची लेकरं म्हणत आपण काय केलंय? १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची, बायकांची गर्भाशयं पुण्यात ससूनला काढली, कारण दिलं की पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही. लेकरू ठरवलं की विचारायची गरज संपते. शरीराबद्दल काही शिकवतही नाही आपण, मग कुणी नको तिथे हात लावला तर त्या पोरीनं सांगायचं कुठल्या शब्दांत?

माझ्या बहिणीला खोलीला आतून कडी हवीय, खुर्चीवरून हात पोचेल अशी. चार वर्षं मागतेय. पडलीस तर दार कोण उघडणार म्हणून आम्हीच लावली नाही, आता बाहेरून उघडता येईल असं लॉक बसवतोय, रविवारी सुतार येणार आहे.