प्रलयाआधी नारळ पाडून घ्या

जग बुडण्याची तारीख हाती आली असेल तर आधी बेरीज तपासा. अमेरिकेतल्या विल्यम मिलर या धर्मप्रचारकाने बायबलच्या आधारे इसवी सनपूर्व 457 पासून 2300 वर्षे मोजली आणि 1843 काढले. मध्ये शून्य नावाचे वर्षच नसते हे मागाहून ध्यानात आले, तारीख सरकत सरकत 22 ऑक्टोबर 1844 वर येऊन थांबली. काही भाविक शेतकऱ्यांनी उभे पीक काढलेच नाही. 23 ला सूर्य उगवला. म्हणून सांगतो, माडावरचे नारळ आधी पाडून घ्या. पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, मिळणे हा अलीकडे वेगळाच प्रलय आहे, त्याला महिनाभर आधी सांगून ठेवा.

जमीन विकून पैसे गुरूंच्या चरणी वाहणार? उत्तम विचार. पण आपण गोव्यात राहतो. इथल्या नागरी कायद्यात नवराबायकोची मालमत्ता सहसा सामाईक, आणि विक्रीखतावर दोघांची सही हवी. तुमची श्रद्धा अढळ आणि सौभाग्यवतींची जरा डळमळीत असेल तर मोक्ष सब-रजिस्ट्रारच्या बाकावरच अडला. भाट, म्हणजे माडांची बागायत, वडिलोपार्जित निघाले तर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीची कोर्टातली कारवाई, आली: मुंबईचा भाऊ, लंडनचा पुतण्या, लिस्बनला गेलेली आत्या, सगळ्यांना नोटिसा. तेव्हा तारीख निदान दहा वर्षे पुढची निवडा.

सरकारी नोकरी असेल तर राजीनामा? छे! इतकी श्रद्धा बरी नव्हे. कमाई रजा टाका, कारण ‘घरगुती’ लिहा. परत कधी हजर होणार तो रकाना मात्र भरा. मुदत ठेव मोडू नका, बहुतेक बँका व्याज कापतात आणि प्रलयाची सबब ऐकत नाहीत.

पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरा. सोलां (आमसुले), मिरच्या, मीठ, सुके बांगडे. बांगडा पोटाशी दाबून बघा. तिथे ओल राहिली की पहिल्या पावसात बुरशी धरते, मग हवाबंद डबाही कामाचा नाही.

आणि काहीच घडले नाही तर जगबुडीची तारीख सांगणाऱ्या अमेरिकन रेडिओ-प्रचारक हॅरॉल्ड कॅम्पिंगचा कित्ता गिरवा. 21 मे 2011 कोरडा गेल्यावर त्याने सांगितले की न्यायनिवाडा झाला, पण आध्यात्मिक. जग बुडेल ते 21 ऑक्टोबरला. शेजाऱ्यांना सांगायला हे वाक्य पाठ असू द्या.

नवी तारीख काढताना जरा आजूबाजूला बघावे. फेब्रुवारी 1962 मध्ये मकर राशीत अष्टग्रही, म्हणजे आठ ग्रहांची युती, जमली, आता जग बुडणार म्हणून देशभर यज्ञ झाले. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम दीड महिना झालेला. साडेचारशे वर्षांनी पोर्तुगीज गेले, आणि लगेच जगच जाणार! असला अवेळीपणा नको. चतुर्थीचा आठवडा तर टाळाच. गणपतीवरच्या माटोळीला, म्हणजे लाकडी चौकटीला, फळे बांधायची असतात, नेवऱ्या (करंज्या) तळायच्या असतात. त्या गडबडीत प्रलय दारात आला तर त्याला सोप्यावर बसवतील, हातावर दोन नेवऱ्या ठेवतील आणि आरतीला थांब म्हणतील.