सातव्या डेकवरची दांडी

आमच्या घरात कपडे वाळत घालण्याचं खातं माझ्याकडे आहे. धुणं मशीनकडे, घड्या हिच्याकडे, इस्त्री कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे. मधला सगळा कारभार मी पाहतो. शर्ट आधी झटकायचा, मग उलटा करायचा आणि चिमटा खांद्याला नव्हे तर खालच्या काठाला लावायचा. हे कोथरूडमध्ये किती जणांना ठाऊक आहे, ते समोरच्या इमारतीच्या बाल्कन्यांकडे पाहिलं की कळतं. त्यामुळे मुलाने “दिवाळीच्या सुट्टीत सगळे मिळून क्रूझला जाऊ” असं जाहीर केलं, तेव्हा बाकीच्यांच्या डोळ्यांपुढे समुद्र आला आणि माझ्या डोळ्यांपुढे दोरी. नातू आठ वर्षांचा, नात साडेचार. दोघं घरात बसल्या जागी कपड्यांची वाट लावतात. समोर अख्खा समुद्र ठेवल्यावर काय करतील?

“बाबा, तिथे लाँड्री असते,” मुलगा म्हणाला. तो बाणेरला राहतो. बाणेरच्या लोकांचा लाँड्रीवर फार विश्वास.

सिंगापूरहून निघायचं, पेनांग आणि फुकेत करून परत सिंगापूर, असा बेत होता. सुनेने एक्सेलमध्ये तक्ता केला. माणशी, दिवसागणिक, वर पूल, पोर्ट, डिनर असे रकाने. तक्ता उत्तमच होता. मुलं त्याबरहुकूम वागणार नाहीत एवढंच त्यात धरलं नव्हतं. हिची पद्धत निराळी. हिच्या बॅगा ‘असू दे’ या एकाच तत्त्वावर भरल्या जातात. स्वेटर असू दे. कानटोप्या असू देत. सिंगापूर विषुववृत्तापासून दीडशे किलोमीटरच्याही आत आहे, म्हणजे इथून मुंबई जेवढी तेवढ्यावर. तिथे डिसेंबर चालू आहे की मे, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवरूनच कळतं, असं मी समजावलं. “विमानात एसी असतो,” ती म्हणाली, आणि दोन कानटोप्यांच्या चार झाल्या.

फराळाच्या बाबतीत मात्र तिला माघार घ्यावी लागली. अनारसे तळून डब्यात गेले आणि सुनेला फोनवर नियम सापडला की सिंगापुरात खसखस नेता येत नाही. खसखस अफूच्या बोंडातली. तिच्यात मॉर्फीनचा अंश असू शकतो, म्हणून तिथलं अंमली पदार्थविरोधी खातं ती बंदी असलेल्या मालात धरतं. अनारसे बाद. चिवड्यात हिने मूठभर खसखस भाजून टाकलेली, चिवडा बाद. मग विकतची सीलबंद बाकरवडी आणली, तर पाकिटावर बारीक अक्षरांत सारणाचे घटक छापलेले, आणि त्यात ही बया होतीच. निम्मा पुणेरी फराळ तिकडे गुन्हा ठरतो हे कळल्यावर ही बराच वेळ डब्याकडे बघत बसली. “मग ती माणसं दिवाळीला करतात काय?” एवढंच तिने विचारलं. अनारसे शेजाऱ्यांकडे गेले. शेजारी अजून विचारतात, पुन्हा क्रूझ कधी?

माझी तयारी तुळशीबागेत झाली. बोटीच्या खोल्यांच्या भिंती पोलादी असतात आणि त्यांना चुंबक चिकटतो, ही मोलाची बातमी मला सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावर मिळाली होती. दुकानात चुंबकाचे हूक मागितले.

“कुठे लावणार?” दुकानदार.

“बोटीवर.”

त्याने मान वर न करता दुसरा खोका काढला. “मग हेही घ्या. बोट मोठी असेल.”

हूक, नायलॉनची दोरी, चिमटे, धुण्याच्या साबणाची अर्धी वडी आणि दोन पंचे एवढं सामान मी शबनममध्ये भरलं. पंचे पाहून सून हसली. तिला वाटलं, मी ते नेसून डेकवर जाणार. टर्किश टॉवेल पाणी पितो आणि मग ते सोडायला तयार नसतो. पंचा पिळला, झटकला की तासाभरात मोकळा. पण हे ऐकून घ्यायला वेळ कुणाला होता? शिवाय फ्रिजवर नातेवाइकांच्या परदेशवाऱ्यांचे चुंबक वर्षानुवर्षं नुसते बसून होते. तेही उचलले. म्हटलं, कधीतरी कामाला येऊ देत.

सिंगापूरच्या बंदरावर सामान एक्स-रेतून जातं. तिथे मुलाचा एक्स्टेन्शन बोर्ड आणि सुनेची प्रवासी इस्त्री अडकली. बोटीवर आगीची धास्ती बुडण्यापेक्षा जास्त, त्यामुळे खोलीत इस्त्री, किटली, मेणबत्ती, काही चालत नाही. वस्तू ठेवून घेतात, पावती देतात, उतरताना परत. मुलगा इंजिनियर आहे. बोर्ड किती सुरक्षित आहे हे तो तिथल्या माणसाला आकृती काढून समजावत होता. माझी दोरी, चिमटे आणि दोन डझन हूक पाहून त्याच माणसाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पुढे जाऊ दिलं. मी मुलाकडे पाहिलं नाही. पाहण्याची गरज नव्हती.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि त्या खोलीशी यायला संध्याकाळ होते. पण हिच्या पर्समध्ये दोन्ही पोरांचे पोहण्याचे कपडे होते. असू दे म्हणून. त्यामुळे आम्हाला आमची खोली सापडण्याआधी नातवंडांना पूल सापडला. आणि ती पाण्यात असतानाच जीवरक्षणाच्या कवायतीची हाक आली. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकाला लागून आडवी झाली, प्रवाशांचे जीव गेले, तेव्हापासून या कवायतीचे नियम कडक झाले आहेत. बोट सुटण्याआधी किंवा सुटता सुटता ती उरकावीच लागते. भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब आवाज म्हणजे आणीबाणी, असं एक अधिकारी सांगत होता. सगळे गंभीर चेहऱ्याने उभे. आमच्या नातीच्या अंगावरून पाणी निथळत होतं आणि तिच्या पायाशी साचून शेजारच्या रांगेकडे निघालं होतं. तिथल्या एका वयस्क बाईंनी आधी त्या ओघळाकडे पाहिलं, मग छताकडे, मग नवऱ्याचा दंड धरला.

खोली सातव्या डेकवर, पावणेदोनशे चौरस फुटांची. छतातून रात्री दोन बर्थ खाली उतरत. मुलगा आणि सून समोरच्या खोलीत, नातवंडं आमच्याकडे. “तुम्हाला मुलांचा सहवास मिळावा” म्हणून. सहवास पहिल्या संध्याकाळपासूनच ओला होता.

काही बोटींवर आपले कपडे आपण धुवायची मशीनं असतात. आमच्या बोटीवर नव्हती. कपाटात एक पिशवी आणि दरपत्रक होतं. दर नगावर, डॉलरमध्ये. नातवाची एक चड्डी धुण्याच्या पैशांत तुळशीबागेत नव्या किती येतील, हा हिशेब मी मुलाला करून दाखवला. “बाबा, हिशेब नका करू, सुट्टीवर आहोत आपण,” तो म्हणाला. माणूस सुट्टीवर गेला की डॉलर उतरतो, हे मला माहीत नव्हतं.

धुण्याचा प्रश्न तसा नव्हताच. पाणी मुबलक, समुद्राचंच, बोटीवरच मीठ काढून केलेलं. हिने बेसिनमध्ये सगळं खळाखळा धुऊन माझ्या स्वाधीन केलं. आणि खरी परीक्षा तिथे सुरू झाली. धुणं माणूस कुठेही धुऊ शकतो. वाळवायला वारा लागतो, जागा लागते आणि मुख्य म्हणजे हक्क लागतो. आमच्या बाल्कनीबाहेर मलाक्काच्या सामुद्रधुनीचा वारा होता, विषुववृत्ताचं ऊन होतं, आणि कठड्यावर कपडे घालायला सक्त मनाई होती. एवढं ऊन फुकट जाताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. न्हाणीघरात भिंतीतून ओढून काढायची एक बारीक दोरी असते. तिच्यावर नातीचा एक फ्रॉक मावला, आणि मग अंघोळीला माणूस मावेना.

माझं लहानपण नारायण पेठेतल्या वाड्यात गेलं. तिथे माजघरात छताला दांड्या टांगलेल्या असत आणि आई लांब काठीने नऊवारी लुगडं त्यावर असं चढवी की एक सुरकुती दिसायची नाही. पावसाळ्यात बाळाची दुपटी शेगडीवर टोपली उपडी घालून तिच्यावर वाळत. बोटीवर शेगडीचं नाव काढण्यात अर्थ नव्हता, दांडी मात्र जमण्यासारखी होती. मी दारापासून पडद्यापर्यंत भिंतीला हूक डकवले, दोरी ओढली आणि कपडे वाळत घातले. हूक संपले तिथे फ्रिजवरचे चुंबक आले. बहिणीच्या आयफेल टॉवरने रुमाल झकास धरला. व्याह्यांच्या पिसाच्या मनोऱ्याकडे नातवाचा मोजा दिला होता. तो रात्री अडीचला मोज्यासकट हिच्या कपाळावर कलंडला. हिने डोळे न उघडता जे म्हटलं, ते व्याह्यांना कळवण्यासारखं नाही.

सकाळी खोली आवरायला येणारा मुलगा मडगावचा निघाला. तो दारात उभा राहिला, दोरीकडे पाहिलं, हूक पाहिले, आयफेल टॉवर पाहिला. मला वाटलं, आता तक्रार होणार. त्याने नातवाचा टी-शर्ट बोटांनी चाचपला. “काका, दोरीवर नाही वाळायचं हे. हवा खेळत नाही ना इथे. हँगरवर घाला, एसीचा झोत येतो तिथे. आणि आधी कोरड्या टॉवेलात गुंडाळून पिळून घ्या.” माणसाला आपलं काम कळतं की नाही हे दोन वाक्यांत समजतं. मी त्याला उलटा शर्ट आणि खालचा चिमटा सांगितला. त्याने मान डोलावली. बोटीवर माझ्याशी कुणी इतक्या आस्थेने बोललं नव्हतं.

पण तोच सद्गृहस्थ रोज संध्याकाळी टॉवेलांचे प्राणी करून पलंगावर ठेवायचा. पहिल्या दिवशी हत्ती. दुसऱ्या दिवशी हँगरला लटकणारं माकड, म्हणजे टॉवेलही गेला आणि हँगरही. नातीने दोघांची बारशी केली आणि जाहीर केलं की कुणी मोडायचं नाही. मी एकदा हत्तीचा नुसता कान धरला तर तिने असा सूर लावला की समोरच्या खोलीतून सून धावत आली. कपडे पिळायला टॉवेल नाही, अंग पुसायलाही नाही. तेव्हा सगळं कुटुंब मुकाट्याने दोन पंच्यांवर आलं. सूनसुद्धा.

इकडे मळक्या कपड्यांचा ढीग वाढतच होता. पूलच्या कडेला आइसक्रीमचं एक यंत्र दिवसभर चालू असे. दांडी ओढा, हवं तेवढं घ्या, पैसे नाहीत. तिथल्या उन्हात ते नातीच्या तोंडापर्यंत जेमतेम निम्मं पोचायचं; उरलेलं मनगटावरून कोपरापर्यंत आणि तिथून फ्रॉकवर. एका रात्री सगळ्यांनी उंची पोशाख करून जेवायला जायचं असतं. त्यासाठी माझा मुलाच्या लग्नातला सूट आणि हिची पैठणी समुद्रापार आली होती. आम्ही नेसून-घालून निघणार तोच नातीला बोट लागली. सूट आणि पैठणी पहिल्या लाटेतून थोडक्यात बचावले. मग आम्ही साध्या कपड्यांत खोलीत बसून मागवलेला डाळभात खाल्ला, फार बरं वाटलं.

पेनांगला आमचं भाग्य उघडलं. जॉर्जटाऊन हे युनेस्कोच्या यादीतलं जुनं शहर. तिथे एका भिंतीवर खऱ्या सायकलवर बसलेली रंगवलेली भावंडं आहेत, २०१२ सालची. लोक लांबून बघायला येतात. आमचीही मंडळी तिथे फोटोच्या रांगेत उभी राहिली. मला मात्र गल्लीच्या टोकाला ‘दोबी’ अशी पाटी दिसली. नाण्यांवर चालणारी मशीनं, आणि त्याशेजारी कपडे वाळवायची मशीनं! शबनममध्ये ओला गठ्ठा होताच. ही आणि मी बाकावर बसून काचेआडून आमच्या दमट चड्ड्या गरगर फिरताना पाहत राहिलो. बाहेर काढल्या तेव्हा गरम, कडक, खणखणीत कोरड्या होत्या. हिने एक फ्रॉक गालाला लावला. “भिंतीवरचं चित्र राहिलं आपलं,” ती म्हणाली, पण उठली नाही.

फुकेतच्या वाळूबद्दल काय सांगू? ती अजून निघते आहे.

शेवटच्या रात्री बॅगा भरून खोलीबाहेर ठेवायच्या असतात, सकाळी त्या थेट धक्क्यावर मिळतात. सुनेने तक्त्याप्रमाणे सगळं भरलं. सगळं म्हणजे सगळं. सकाळी नातवाच्या वाट्याला मुलांच्या क्लबात मिळालेला समुद्री चाच्याचा वेश तेवढा उरला. सिंगापूरच्या इमिग्रेशनच्या खिडकीशी अधिकाऱ्याने त्याला अदबीने डोळ्यावरची काळी पट्टी वर करायला सांगितली.

घरी आल्यावर मावशींनी बॅगा उपसल्या. हिच्या बॅगेच्या तळाशी पैठणीखाली त्यांना काहीतरी फुगीर लागलं. टॉवेलचा हत्ती. सोंडेसकट शाबूत, डोक्यावर कानटोपी.

“हा धुवायचा का?” मावशींनी विचारलं. नातीला फोन लावला. धुवायचा नव्हता.

महिनाअखेरीला मुलाच्या कार्डावर बोटीकडून एका टॉवेलचे पैसे लागले, डॉलरमध्ये. त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर जरा थांबून म्हणाला, “बाबा, तुळशीबागेत एवढ्यात किती टॉवेल येतात हो?”