'वाचून नेक्स्ट दाबा' एवढ्यानं भागत नाही : परभणीच्या वाचकाला उत्तर

दादा, नमस्कार. अनचेकी, म्हणजे इन्स्टॉलरसोबत घुसणाऱ्या जादा प्रोग्राम्सच्या (ऑफरच्या) टिका काढणारं सॉफ्टवेअर, त्यावरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अनचेकी टाकूनही परभणीतल्या तुमच्या ऑनलाइन सेंटरच्या कॉम्प्युटरवर पीडीएफ कन्व्हर्टरसोबत ब्राउझरचं सर्च पेज बदललं, वरून डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) होस्ट्स फाईलबद्दल सूचना देऊ लागला. हे ओझं लोकांच्या गळ्यात मारण्यापेक्षा 'वाचून नेक्स्ट दाबा' एवढंच सांगायचं होतं.

ते शेवटचं मला अजिबात पटलेलं नाही, म्हणून आधी तेच घेतो. पीक विम्याची मुदत संपत आली की सेंटरवर काय गर्दी उसळते, ते तुम्ही रोज बघता. सात-बारा हातात धरून माणसं उभी, पीडीएफची साईज पोर्टलला चालत नाही, मग कामावरचा पोरगा गुगलवर सापडेल तो फुकट कन्व्हर्टर उतरवतो. इन्स्टॉलरची दुसरी खिडकी उघडते. वर 'रेकमेंडेड' आधीच निवडलेलं. खाली 'कस्टम' फिक्या करड्या अक्षरांत, बघणाऱ्याला वाटावं की ते बंदच आहे. टूलबारची, म्हणजे ब्राउझरला चिकटणाऱ्या जादा पट्टीची, टिक नेमकी त्या कस्टमच्या आत. पुढची खिडकी हुबेहूब परवान्याच्या अटींसारखी, पण 'अ‍ॅक्सेप्ट' दाबलं की संमती भलत्याच प्रोग्रामला जाते. ही मांडणी घाईतल्या माणसानं फसावं म्हणूनच केलेली असते. त्याचा दोष त्या पोरावर ढकलणं अन्यायाचं आहे.

आणि हे फक्त भुरट्या साइटवर चालायचं असंही नाही. ई-टेंडरच्या डिजिटल सहीसाठी जावा नावाचं सॉफ्टवेअर टाकावं लागायचं. त्या ओरॅकलच्या जावासोबत आस्क टूलबारची टिक आधीच लावलेली यायची. सोर्सफोर्जसारख्या सॉफ्टवेअर डाउनलोडच्या नावाजलेल्या साइटनं 2013 मध्ये ऑफर दाखवणारा इन्स्टॉलर आणला, तो 2016 मध्ये मालक बदलल्यावर बंद झाला.

आता तुमचा कॉम्प्युटर. अनचेकी ओळखीच्या इन्स्टॉलरमधल्या नको त्या टिका काढतं आणि तुम्ही ऑफर स्वीकारायला गेलात तर इशारा देतं. इन्स्टॉलरनं न विचारताच काही आत घातलं तर तिथं काढायला टिकच नसते, त्यामुळे ते सुटतं. आधीच बसलेलं काढून टाकणं हेही त्याचं काम नाही. ते बघायला कंट्रोल पॅनलमधली प्रोग्राम्सची यादी तारखेनुसार लावा. कन्व्हर्टरच्याच दिवशी बसलेली अनोळखी नावं लगेच दिसतील. सर्च पेज ब्राउझरच्या एक्स्टेन्शन्समध्ये जाऊन वेगळं काढावं लागेल.

डिफेंडरची सूचना मात्र नीट समजून घ्या. साइटचं कोणतं नाव इंटरनेटवरच्या कुठल्या पत्त्याला न्यायचं, हे होस्ट्स फाईलमध्ये लिहून ठेवता येतं. ऑफर पाठवणाऱ्या सर्व्हरची नावं अनचेकी तिथं 0.0.0.0 या कुठंच न पोहोचणाऱ्या पत्त्याला जोडतं, म्हणजे ऑफर उतरतच नाही. ही फाईल विंडोजच्या सिस्टिम32 मध्ये, ड्रायव्हर्समधल्या ईटीसी फोल्डरात असते. नोटपॅडमध्ये उघडा, अनचेकीच्या ओळी त्याच्या स्वतःच्या नावाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणांमध्ये असतात. होस्ट्स फाईलमध्ये फेरफार दिसला की डिफेंडर ओरडू शकतो, कारण व्हायरसही हीच फाईल बदलतात. सूचनेवर 'रिमूव्ह' दाबलं असेल तर त्या ओळी पुसल्या गेल्या असतील, आणि कन्व्हर्टरला वाट मोकळी मिळाली ती बहुधा तिथंच. होस्ट्सला हात लागायला नको असेल तर अनचेकीच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ते बंद करता येतं. खुणांच्या बाहेर एखाद्या बँकेचं किंवा सरकारी साइटचं नाव दिसलं तर मात्र कोणी ते खोट्या साइटकडे वळवलेलं असू शकतं, त्या कॉम्प्युटरवर पैशाचे व्यवहार थांबवा.

अनचेकीत बरीच वर्षं मोठी सुधारणा झालेली नाही. म्हणून विंडोज 10 किंवा 11 असेल तर मी आधी विंडोजचंच संरक्षण चालू करायला सांगेन: विंडोज सिक्युरिटी, त्यात अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल, मग रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन. तिथं 'पोटेंशियली अनवॉन्टेड अ‍ॅप ब्लॉकिंग', म्हणजे असे नको ते प्रोग्राम अडवणारं बटण आहे. हे बटण 2020 च्या मे अपडेटपासून आलं. त्यातलं 'ब्लॉक डाउनलोड्स' फक्त एजसाठी आहे. तुम्ही क्रोम वापरत असाल तर 'ब्लॉक अ‍ॅप्स' चालू हवंच. दुसरा अँटिव्हायरस टाकलेला असेल तर ही सोय त्याच्याच सेटिंगमध्ये शोधा.

तो कन्व्हर्टर अजून डाउनलोड्समध्ये असेल तर पुन्हा चालवू नका. त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' बघा आणि सही कोणाच्या नावाची आहे ते इथंच लिहा. फाईल मूळ कंपनीची की मधल्या डाउनलोड साइटनं गुंडाळलेली, ते त्यावरून बरंचसं कळेल.